हाताने करायचं नाही

आमच्या विनिपेगच्या ऑफिसात आर्लीन फ्रीझनला सगळे टरकून असत. मीसुद्धा. बाई स्टाइनबाख गावच्या, मेनोनाइट या कडक ख्रिस्ती पंथाच्या घरातली. चर्च केव्हाच सोडलं, पण शिस्त काही सुटली नाही. डब्यात रोज सॉसेज आणि तोंडी रोज एकच वाक्य, "हाताने करायचं नाही!"

शाळेच्या बस कुठवर आल्या, हे आईबापांना मोबाइलवर दाखवायचं काम आमच्याकडे. त्याचे सर्व्हर क्लाउडवर, आणि ते किती नि कसे चालायचे हे कोडमध्ये लिहिलेलं. पूर्वी अडलं की जो तो परस्पर क्लाउडमध्ये शिरून बदल करी आणि कोडमध्ये लिहायचं विसरे. असाच एक महाभाग सगळे बदल डोक्यात ठेवून रिटायर झाला आणि फ्लोरिडाला गेला. त्याचं निस्तरण्यात आर्लीनचा अख्खा उन्हाळा गेला. तळ्याकाठची केबिनसुद्धा तिला बघायला मिळाली नाही.

तेव्हा तिने चिडून एक प्रोग्रॅम बसवला. तो सतत कोड आणि क्लाउड ताडून बघे. जुळलं तर हिरवा दिवा, नाही तर तांबडा. आणि हाताने केलेला बदल तो सरळ पुसून टाकी. शिवाय कोडमधला बदल दुसऱ्याने मंजूर केल्याशिवाय लागूच व्हायचा नाही. मंजुरी देणारे दोघंच, ती आणि पन्नाशीचा कर्टिस.

जानेवारीतल्या एका सोमवारी पारा वजा अडतीसवर गेला. कर्टिस रजेवर, विनिपेग तळ्याच्या बर्फावर मासे धरायला. तिथे कसली रेंज? इकडे थंडीने निम्म्या बस सुरू होईनात आणि सगळ्या गावाने एकदम मोबाइल उघडले. दोन सर्व्हर बिचारे कुठवर पुरणार? बस दाखवणारं पान बंद पडलं. बस कधी येईल ते कळेना, म्हणून पोरं कोपऱ्याकोपऱ्यावर कुडकुडत उभी.

आर्लीनने कोडमध्ये दोनाचे सहा लिहिले आणि मंजुरीसाठी कर्टिसला फोन लावत बसली. आमचे साहेब, मोरिस लाव्हाले, तिच्या पाठीमागे येऊन उभे राहिले.

"एक आकडाच बदलायचाय ना? मग कर की बाई!"

"मंजुरीशिवाय होत नाही."

"हा नियम कुठल्या शहाण्याने केला?"

"मी केला. काढा आता माझी मिरवणूक!"

शेवटी दातओठ खात तिने क्लाउडमध्ये हात घातला. सहा सर्व्हर उभे राहिले, पान उघडलं. आणि तिच्याच प्रोग्रॅमने त्यातले चार पुसले. तिने पुन्हा केले, त्याने पुन्हा पुसले.

"अरे मेल्या, मी आहे, मी!" ती स्क्रीनवर ओरडली. मला हसू आलं आणि लगेच लाजही वाटली.

मग तिने ते आपोआप पुसणंच बंद केलं आणि परत सहा केले. तांबडा दिवा लागला, पण पान चालू राहिलं. फोनवर एक आई रडकुंडीला आली होती. तिला आर्लीन म्हणाली, "पोरीला घरात घ्या. पान आता बंद पडणार नाही, माझा शब्द. बस तुमच्या रस्त्याला लागलेली दिसली की मगच तिला बाहेर पाठवा."

साहेबांनी स्वतः कॉफी आणून दिली. ती तोंडाला लावते न लावते तोच पान पुन्हा आडवं झालं. दिवा मात्र हिरवागार! तेवढ्यात कर्टिसचा मेसेज आला.

"रेंजसाठी ट्रक किनाऱ्याला आणला, तर बघतो काय, तांबडा दिवा! कुणा गाढवाने हाताने सर्व्हर वाढवून ठेवले होते, वर पुसणंही बंद. तू शिकवलंस तसं आधी सगळं कोडबरहुकूम परत दोनावर आणलं, आता चौकशी. कोण होता गं तो?"

तिने मेसेज वाचला, पुन्हा वाचला. शिवी द्यायला तोंड उघडलं, पण द्यायची कुणाला? त्या माणसाने तिचं ऐकलं होतं, एवढाच त्याचा गुन्हा.

फोन वाजला. तीच आई.

"बस आली नि गेलीसुद्धा! तुमचं पान अडकलंय, त्यावर ती अजून पुलापलीकडेच आहे. पोरगी बूट घालून दाराशी बसलीय. मघाशी शब्द कुणी दिला होता मला? नाव सांगा तिचं!"

"आर्लीन फ्रीझन," ती म्हणाली. फोन ठेवून तिने कर्टिसलाही तेच नाव लिहून पाठवलं.