गोळ्यांची वाटणी

उभ्या वऱ्हाडात माझ्या आत्यासारखी वाटणी करणारी बाई दुसरी झाली नाही, आणि त्या वाटणीतून सुटलेला जीवही डोणगावात कुणी नव्हता. केळं हाती आलं की अर्धं ती खाई नि उरलेलं घेऊन दारात उभी राही. रस्त्यानं जाणाऱ्याला ते खाल्ल्याशिवाय पुढं जाता येत नसे. चष्मासुद्धा तिनं शेजारच्या बांगड्या विकणाऱ्या चाचीबरोबर वाटून घेतला होता. तो लागायचा फक्त आत्याला, पण चाचीही आपल्या वाट्याच्या दिवशी तो घालून, काही न दिसता, समाधानानं बसून असे.

वऱ्हाडाचा सरकारी कारभार नागपुराहून चालायचा त्या काळात जंतू मारणाऱ्या सल्फाच्या गोळ्या नव्यानंच आल्या होत्या. आत्याच्या मानेवर गळू झालं तेव्हा मेहकरच्या डॉक्टरांनी तिला त्या दिल्या आणि सगळ्या संपवायला बजावलं. गळू बसलं, तसं तिनं उरलेल्या गोळ्या हिंगाच्या रिकाम्या डबीत टाकल्या. "म्या एकटीनंच सारं औषध खाऊन बसू काय? गावात बाकीच्याईले दुखणी नाहीत काय?" मी गावात शाळामास्तर होतो, पण आत्याला शिकवण्याइतका मोठा नव्हतो.

पुढं गावात ज्याला डॉक्टरांकडून गोळ्या मिळत, त्याला बरं वाटू लागलं की आत्या हजर. "बरा झाला ना? मंग दे उरलेल्या." सुपारीच्या अडकित्त्यानं ती गोळीचे तुकडे करी. खोकल्याला पाव, दातदुखीला पाव. चाचीच्या बकरीचे डोळे चिकटले, तिलाही गुळातून पाव. बुरशी येऊ नये म्हणून लोणच्याच्या बरणीत एक अख्खी गेली. बुरशी आलीच, पण ते लोणचं खाऊन माझा बसलेला घसा मोकळा झाला असं आत्या सांगत फिरली. स्वतः ती सकाळच्या चहाबरोबर चिमूटभर घेई, अंगाला सवय राहावी म्हणून.

सवय झाली, पण भलत्यांनाच. वावरात कापसाच्या पऱ्हाटीचा खुंट तिच्या तळपायात घुसला आणि पाय सुजला. तिनं पाव गोळी घेतली, मग अर्धी, मग अख्खी. ताप हटेना तेव्हा चाचीनं आणि मी तिला बैलगाडीत घालून मेहकरला नेलं. डॉक्टर पुण्याकडचे, तरुण. त्यांनी सल्फाच्या पुऱ्या गोळ्या देऊन पाहिल्या, पण सूज गुडघ्याकडं निघाली. मग त्यांनी डबीची सगळी हकिकत ऐकली आणि खाटेशेजारी बसले.

"आई, थोड्या थोड्या औषधानं कच्चे जंतू मेले. चिवट तेवढे उरले आणि त्यांचीच वाढ झाली. आता या गोळ्यांना ते दाद देत नाहीत."

"म्हंजे मीच पोसले म्हना त्याईले," आत्या म्हणाली. तिला भीतीपेक्षा त्यांच्या कृतघ्नपणाचा राग आला होता.

"अकोल्याहून पेनिसिलीन मागवलंय. तेही लागू पडलं नाही तर पाय काढावा लागेल."

आत्यानं सुजलेला पाय हातानं चाचपला. "अर्धाच काढसान का पुरा?" तिनं हळूच विचारलं. कुणालाच हसू आलं नाही.

बर्फात ठेवलेलं पेनिसिलीन मोटारीनं आलं. दर तीन तासांनी सुई. ताप उतरला, तशी आत्या उठून बसली. "मले बरं वाटून राह्यलं. उरलेल्या सुया त्या बाजूच्या बाईले द्या."

"त्या बाळंतीण आहेत, आई."

"मंग तर द्याच."

चाची आत्याच्या लुगड्याच्या पदरावर मांडी घालून बसली. "पूरी सुई होने तक मैं इधरच," ती म्हणाली आणि शेवटच्या सुईपर्यंत हलली नाही. पाय वाचला. गावी परतल्यावर चाचीनं ती डबी चुलीत रिकामी केली.

पुढं डॉक्टरांची बदली झाली. निघण्याआधी ते वाट वाकडी करून आमच्याकडे आले. आत्या ओट्यावर बसली होती. ते तिच्या पायाशी वाकले तेव्हा तिला वाटलं, जखम पाहायची असेल. तिनं तळपाय वर करून पुढं केला. "पाहा ना, सुकली आता."

डॉक्टरांनी त्याच तळपायावर डोकं टेकलं. पाय मागं घ्यायचंही आत्याला सुचलं नाही. त्यांच्या मोटारीचा आवाज वळणापलीकडं गेला तरी तिनं तो तसाच पुढं धरला होता.