शिंगाड्याचा उपास

देवी आपलं ऐकते की नाही, हा संशय त्या नवरात्रात मला फार छळत होता. आमवातानं बोटं अशी सुजायची की मागावर धोटा फेकणं दूरच, सदऱ्याची गुंडीही लागत नव्हती. डॉक्टरांनी स्टेरॉइडची गोळी चालू केली, तेव्हा कुठं हात पुन्हा मागावर आले. पण वर्षं गेली तरी गोळी सुटेना. तोंड फुगून गोल झालं. मोहाडीच्या बाजारात लोक म्हणायचे, "काय जी, बुढापा मानवला तुमाले." जन्मभर मी कोणाच्या आधारानं राहिलो नाही, आणि एवढ्याशा गोळीचा मिंधा झालो, हे मनाला लागायचं. घट बसले तेव्हा देवीआईला नवस बोललो, नऊ दिवस नुसत्या पाण्यावर राहीन, पण मला या गोळीतून सोडव.

डॉक्टरांनी बजावलं होतं, गोळी उपाशी पोटी घ्यायची नाही. मी म्हटलं, झालं तर. पोट उपाशी आहे, म्हणजे गोळी बंद. बायको कावली. "डॉक्टरनं जेवाले सांगतलं जी, गोळी सोडाले नाही." मी तिचं ऐकणारा असतो तर काय पाहिजे होतं.

तीन-चार दिवसांनी देवळाच्या पायरीवर बसलो, तो उठताच येईना. ओकाऱ्या, अंगाचं पाणी झालेलं, डोळ्यांपुढे अंधारी. बायको पाणी पाजत होती, तेही ठरेना. लोक म्हणाले, उपासाची चक्कर आहे, पडू द्या थोडं. पायरीवर शेजारी बसलेली एक बाई मात्र माझ्या तोंडाकडे बघत राहिली. बपेऱ्याहून दर्शनाला आलेली. तिचं तोंडही माझ्यासारखंच, गोल फुगलेलं.

"दादा, आपण भाऊ-बहीण दिसून राहिलो," ती हळूच म्हणाली. "सुजनीची गोळी खाता ना? बंद केली काय?"

मी मान हलवली.

"मीबी केली होती. मरता मरता वाचली. हे गोळी एकदम सोडत नसतात जी. दवाखान्यात चला, आत्ताच."

"माझा उपास हाय," मी कसंबसं म्हटलं. त्या हालतीतही हट्ट गेला नव्हता.

तिनं पदराच्या गाठीतले उकडलेले शिंगाडे बायकोच्या हातावर ठेवले. "शिंगाडा उपासाले चालते ना? मग उपासात पोट उपाशी राहते कोठं? डॉक्टर हो म्हणन तवा चारजो, बाई."

तिनंच ऑटो थांबवला आणि दवाखान्यात गोळीचं सारं सांगितलं. सुई लागली, सलाईन चढली. डॉक्टर म्हणाले, शरीराला या गोळीची सवय लागते, ती उतरवायची तर आम्ही सांगू तशी, हळूहळू. संध्याकाळी त्यांनी खायला परवानगी दिली. बायकोनं शिंगाडा सोलून माझ्या तोंडात ठेवला. तळ्याच्या पाण्याची ती गोडी जिभेवर आली आणि मला रडू आलं. बपेऱ्याची बाई तोवर निघून गेली होती. नावही विचारायचं राहिलं.

ती कोण, हे मी कोणाला पटवायला जात नाही. गोळी कमी झाली, सुटली नाही. पण आता दर नवरात्रात सकाळी आईपुढे बसून शिंगाडे खातो, मग गोळी तळहातावर घेऊन प्रसादासारखी कपाळाला लावतो. बायको हसते, म्हणते, "आता कसे शहाणे झाले जी." मी गोळी तोंडात टाकतो आणि तिनं पुढं केलेलं पाणी पितो.