गिरणी पाण्याखाली गेली तेव्हा

माझा थोरला भाऊ पुनावळ्यात राहतो, मी आकुर्डीत. हाकेच्या नाही, पण रिक्षाच्या अंतरावर. तरी मध्यंतरी बरेच महिने आमची गाठ पडायची ती फक्त एका ऑनलाइन गेममध्ये.

भांडण कशावरून झालं म्हणाल तर मला धड सांगता यायचं नाही. माझ्या लेकीच्या वाढदिवसाला, मी केलेल्या मटणात मीठ जास्त झालंय असं दादा चारचौघांत बोलला. मी काहीतरी बोलले. तिथनं विषय आई कुणाकडं राहणार यावर घसरला आणि तो आईला घेऊन सरळ निघून गेला. त्याच रागात मी त्याला गेमच्या फ्रेंडलिस्टमधून उडवला. त्यानंही मला उडवलं असणार. शेवटी एकाच बापाची पोरं आम्ही.

गेमचं वेड त्यानंच लावलं होतं. लॉकडाऊनमध्ये त्याची चाकणची कंपनी बंद, माझीही बंद. राक्षस, जादूगार, तलवारी. मला लढणं काही जमलं नाही. पण तिथल्या एका खेड्यात नदीच्या पाण्यावर फिरणारी जुनी गिरणी होती. तिच्यामागच्या पायरीवर बसून गळ टाकता यायचा. रविवारी सकाळी चहाचा कप शेजारी ठेवून आम्ही दोघं तिथं मासे धरायचो. भांडणानंतरही मी जायचे, आपली सहज. तोही यायचा, सहजच. आधी आल्या आल्या 'जय भीम' टाइप करायचा, आता तेवढंही नाही. मुकाट्यानं शेजारी शेजारी बसायचं आणि मुकाट्यानं उठायचं. एवढंच उरलं होतं आमच्यात, पण ते मला लागायचं.

मग एक्स्पान्शन आलं. म्हणजे गेमवाले जुन्या जगाला नवा मुलूख जोडतात, नवी कथा आणतात. मला वाटलं, गावाबाहेर घरांची नवी स्कीम उभी राहते तसं काहीतरी असेल, आपल्या घराला काय होतंय! रविवारी उघडून बघते तर डोंगर फुटलेला, नदी वाट सोडून गेलेली आणि खेड्याच्या जागी नुसतं तळं.

मला काही सुधरेना. जी तलवार मला मिळवून द्यायला दादानं जिवाचं रान केलं होतं, तिला आता कोणी भंगारातही घेईना. खेड्यातला लोहार दुसऱ्याच शहरात दुकान टाकून बसलेला आणि मला म्हणतो, नवखी दिसतेस. मेल्या, तुझ्या दुकानातले उंदीर मी मारलेत! सगळी माणसं आकाशातल्या एका उडत्या बेटाकडं निघाली होती. चॅटवर विचारलं, गिरणी कुठं गेली? कुणीतरी उलट मलाच विचारलं, कुठली गिरणी?

मीही बेटावर गेले. तिथं ही गर्दी, त्यात दादा काही दिसला नाही. पुढच्या रविवारीही नाही. फ्रेंडलिस्टमध्ये असता तर कुठं आहे ते एका बटणात कळलं असतं. आता बस बोंबलत. फोन करावा तर काय म्हणून? गिरणी बुडाली, तू कुठंयस, असं विचारायला तोंड होतं का मला? रडू यायला लागलं, आणि कशाचं येतंय तेही कळेना.

आमच्याकडं पत्ता सांगताना लोक जे उरलं नाही तेच सांगतात. जकात नाका उठून जमाना झाला, तरी 'नाक्यावर थांबवा' म्हणणारे आहेतच. आमचे वडील तर शेवटपर्यंत घराचा पत्ता एका बंद पडलेल्या थेटरावरून सांगायचे. त्या विचारासरशी मी उठून बसले. त्यांचा मुलगा उडत्या बेटावर कशाला जाईल?

मी तळ्यात उडी मारली. खाली हिरवं गढूळ पाणी, पण पायऱ्या होत्या तिथंच होत्या. आणि पायरीवर दादा, हातात गळ, तोंडातून बुडबुडे. बघता बघता त्याचा श्वास संपला आणि तो मेला. मागोमाग मीही मेले. दोघंही तळ्याच्या काठावर पुन्हा जिवंत होऊन उभे राहिलो.

मग अक्षरं उमटली. "जय भीम. कुठं होतीस? मी इथं येऊन येऊन बुडतोय."

मला वाटलं तू बेटावर गेलास, असं मी लिहिलं. मग आलं, "आईनं मटण आणायला सांगितलंय. जेवायला ये. वीटभट्टीपाशी उतर."

पुनावळ्यात ती वीटभट्टी आता नाही. रिक्षावाला म्हणाला, कुठली वीटभट्टी, ताई? मला तरी तिची जागा आता कुठं ओळखू येत होती? जिकडं बघावं तिकडं सारखेच टॉवर. शेवटी अंदाजानं एका वळणावर थांबवायला सांगितलं. दादा तिथंच उभा होता, हातात मटणाची पिशवी घेऊन. त्यानं ती माझ्याकडं दिली आणि म्हणाला, "मीठ तूच घाल."