तीन कुलपं

विश्रामबागेतला भाड्याचा बंगला हरणाबाईला अंगात सैल झालेल्या पोलक्यासारखा वाटायला लागला होता. कुपवाडला नवऱ्याचं लेथचं वर्कशॉप जोरात होतं, पोरं शिकत होती, तोवर ठीक होतं. आता सोनम लग्न होऊन गेली, शिवतेज पुण्याला नोकरीला लागला, आणि ज्योतिबांनी वर्कशॉप पुतण्याच्या हवाली केलं. उरली दोन माणसं आणि झाडायला पाच खोल्या. कुपवाडला, वर्कशॉपच्या मागच्या गल्लीत, स्वस्तातल्या दोन खोल्या हरणाबाईनं हेरूनही ठेवल्या होत्या.

ज्योतिबा ऐकेनात. जतच्या माळावर मेंढरांमागं पालात वाढलेला माणूस. लहान घराचं नाव काढलं की भावकी काय म्हणंल, हे पालुपद सुरू. हरणाबाईनं वाद घातला नाही. बाजारात जाऊन तीन कुलपं आणली.

वरच्या खोलीत वाळवीचं औषध मारलंय, जाऊ नका, असं सांगून पहिलं लावलं. पाहुण्यांच्या खोलीत वर्षाच्या मिरच्या पसरल्या. ज्योतिबांनी दारातूनच शिंका दिल्या आणि स्वतः दार ओढून घेतलं. तिथं दुसरं. राहिली झोपायची खोली. ज्योतिबा रोज टीव्हीसमोरच्या दिवाणावरच घोरायचे, म्हणून तिसऱ्याला तिनं कारणच शोधलं नाही. महिना गेला तरी त्यांना पत्ता नव्हता.

एका सकाळी गावाकडचा जुना दोस्त नाथाजी चहाला आला. ज्योतिबांना चेव चढला. एवढा बंगला सोडून ही मला खुराड्यात न्यायला निघालीय, म्हणून त्यांनी तक्रार मांडली. हरणाबाईनं कपबश्या ठेवल्या आणि शेजारी किल्ल्यांचा जुडगा ठेवला.

"आवं, वरच्या खोलीत शेवटचं कवा गेलता?"

"परवा तर गेलतो की."

"परवा? महिना झाला कुलूप हाय तितं. तिन्ही खोल्यांना हाय. दोन खोल्यांतच राहताय तुमी, आन् वजन वाढलंय."

नाथाजीनं चहात तोंड लपवलं. ज्योतिबा जुडगा उचलून तरातरा जिना चढले आणि वरचं दार उघडलं. फुटक्या काचेतून आत शिरलेली मांजर त्यांच्या ठेवणीतल्या घोंगड्यावर चार पिल्लांना पाजत होती. तिनं यांच्याकडं असं पाहिलं, जणू घर तिचं आणि हेच भाडेकरू. ज्योतिबा हळूच दार लावून खाली आले.

"जाऊ कुपवाडला," ते म्हणाले. "पर माझी बी एक अट हाय."

अट साधी होती. घर आटायचं तर भांडीही आटली पाहिजेत. दुसऱ्या दिवशी त्यांनी दोन ताटं, दोन तांबे, तवा आणि दोन पातेली बाहेर ठेवून बाकीचा संसार वरच्या मांजरीच्या शेजारी रचला, आणि किल्ली सदऱ्याच्या खिशात टाकली. हरणाबाईला धक्काच बसला. तिच्याकडं नुसते डबेच इतके होते, की त्यांत काय आहे ते तिलाही ठाऊक नव्हतं. संध्याकाळपर्यंत तिनं कळ काढली. मग ज्योतिबा फिरायला गेलेले बघून वरच्या गॅलरीतून, फुटक्या खिडकीत काठी घालून पुरणाचं यंत्र ओढायला गेली, आणि मांजरीनं हाताला ओरखडा काढला. तो हात पदराखाली झाकून ती एका हातानं भाकरी थापायला बसली. परत आलेल्या ज्योतिबांनी हळदीचा डबा पुढं सरकवला आणि ते पोट धरून हसले.

शेवटी दोघांनी बसून वाटणी केली. निम्मी भांडी सोनमकडं गेली, थोडी पुतण्याच्या बायकोनं नेली. पुरणयंत्र मात्र हरणाबाईनं स्वतः मांडीवर घेऊन टेम्पोत बसून नेलं.

आता सकाळी कामगारांच्या गाड्या गल्लीतून जातात तेव्हा ज्योतिबा उंबऱ्यावर बसलेले असतात. ओळखीचा कोणी थांबला की सांगतात, "लहान घर लय सोयीचं रं. पर हिला पटवायला माझा जीव गेला बघ."

हरणाबाई आतून ऐकते आणि तव्यावरची भाकरी उलटते. गल्लीतल्या बायकांना तिनं पहिल्याच दिवशी सगळं सांगून टाकलंय.