गुरुवारची पिशवी

शेळगावच्या शिवारात माझ्यासारखी सरळ सरी कुणाची न्हाय, हे मी कुणालाबी छाती ठोकून सांगतो. ती सरी सरळ काढायच्या नादात मी आमच्या वैनीची परसबाग नांगरून टाकली, हे मातूर पाच वरसं तिला सांगायची छाती झाली न्हाय.

वैनी म्हंजी शांतावैनी, माझ्या थोरल्या भावाची बायको. ती गेल्याचा फोन आला तवा मी बारामतीच्या मंडईत वांगी निवडत हुतो. पुतण्या दत्ता फोनवर म्हणाला, "काका, आई गेली. सकाळी गॅलरीत झाडांना पाणी घालत हुती, खुर्चीत बसली ती बसलीच." मी हूं म्हणालो, फोन खिशात टाकला आन् भाजीवाल्या बाईला म्हणालो, "अर्धा किलोच दे." माणसाचं डोकं बंद पडलं की हात आपले चालूच ऱ्हात्यात बघा... ती पिशवी घेऊनच मी तीन मजले चढलो. दारात पाव्हणे उभे, आत बायकांचं रडणं, आन् मधी मी, हातात मेथी-वांग्याची पिशवी घेऊन, जेवायला आल्यावानी. सूनबाईनं, दत्ताच्या बायकोनं, माझ्या हातातनं ती काढून घेतली. आज हे मी बोलतोय आन् तीच लिहून घेतीय, कारण शाळेनं मला तिसरीतच सोडलं.

वैनी लग्न हून आली तवा घरामागं दोन गुंठं जागा हुती, नुसती बाभळी आन् उकिरडा. तिनं तितं न्हाणीचं पाणी वळवून अळू लावला, केळ लावली. मग दोडका, पावटा, मिरची, शेवगा, आन् तिची ती काटेरी वांगी. तोडताना बोटात काटा गेलाच पायजे अशी. बी दर साली तीच धरायची, चुलीच्या राखेत घोळून डबीत ठेवायची. आमच्या घरात भाजीला म्हणून कवा बाजारात जावं लागलं न्हाय. मी दोन चार बाऱ्या मदत करायला गेलो. एकदा उसावर तणनाशक मारलेला पंप न धुताच घेऊन तिच्या दोडक्यावर किडीसाठी ताक फवारलं. चार दिसात दोडक्याची पानं केसावानी वळली. वैनीनं दुसऱ्या दिवशी परसाच्या तोंडाला काटेरी फांदी आडवी लावली. म्हणाली, "शेळीसाठी हाय." आमच्यात शेळीच नव्हती.

भाऊ गेला, आन् वरसाच्या आत वैनी न्हाणीत पाय घसरून पडली. ऑपरेशन करून खुब्यात लोखंडी पट्टी घातली. दत्ता एमआयडीसीत नोकरीला, तो म्हणाला महिनाभर बारामतीला ऱ्हाऊ दे. महिन्याचं सहा महिनं झालं, मग वरसं झाली. तिसरा मजला, लिफ्ट कवा चालू कवा बंद, आन् जिना तिला उतरवत न्हाय. गॅलरीला वरपासनं खालपतूर लोखंडी जाळी. मी पयल्यांदा गेलो तर जाळीला धरून उभी. म्हणाली, "भावजी, पिंजऱ्यातल्या पोपटाला निदान मिरची तरी टाकत्यात हो." मी हसलो. ती हसली न्हाय. मग मी मिरचीची रोपं नेली, जोडीला परसातल्या तिच्या काटेरी वांग्याचीबी, दत्तानं रंगाच्या रिकाम्या बादल्या आणल्या. पाणी खालच्या लोकांच्या वाळत घातलेल्या कपड्यावर पडतंय म्हणून तक्रार आली, तवापासनं ती पेल्यानं पाणी घालायची. एकेक पेला, औषध दिल्यावानी.

त्याच साली उसाची लागण चालू हुती. ट्रॅक्टरवाला म्हणाला, "तात्या, ह्यो परसाचा तुकडा मधी येतोय, ट्रॅक्टर वळत न्हाय. सरी वाकडी हुईल." वाकडी? माझी? मी म्हणालो, "घाल मग." अर्ध्या तासात अळू, पावटा, वांगी सगळं खाली. बायको कमल चुलीपासनं पळत आली, तवर फाळ शेवग्याला भिडला हुता. ती एवढंच म्हणाली, "वैनीला तुमीच सांगा आता."

गुरुवारी सांगायलाच गेलो हुतो, शप्पथ. वैनीनं दार उघडलं आन् इचारलं, "परसात काय काय हाय आता?" माझ्या तोंडातनं निघालं, "सगळं हाय की. पुढच्या गुरुवारी आणतो." झालं. तितनं जो अडकलो तो अडकलोच.

दर गुरुवारी एसटीनं बारामती, मंडईत भाजी, आन् मग वैनीकडं. बाजारची भाजी धुतलेली असती, म्हणून मी हुशारी केली. घरनं रुमालात माती बांधून न्यायची, जिन्याखाली बसायचं आन् मेथीच्या मुळांना, वांग्याच्या देठांना चोळायची. वॉचमन बघत ऱ्हायचा. एकदा म्हणाला, "काका, लोकं माती धुत्यात." मी म्हणालो, "आमच्याकडं रीत येगळी हाय." वर गेलं की वैनीची चौकशी सुरू. ही मेथी न्हाणीच्या पाण्यावरची का शेवग्याकडची? मी म्हणायचो, न्हाणीकडची. खोटं तरी किती बोलावं, त्या जागंवर आता शिवारातला सगळ्यात जाड ऊस हुता.

ऊस एकदा घरात घुसला की निघत न्हाय. तोडला तरी बुडक्यातनं परत फुटतो, आमी त्याला खोडवा म्हणतो. दर साली म्हणायचो, तोडणी झाली की एवढा तुकडा मोडायचा. आन् तो हिरवागार फुटवा बघितला की कुदळ उचलंना. मागच्या दारापतूर उसाचं वाळकं पाचट. स्वयपाकघरात दुपारी दिवा लावावा लागायचा, वारा म्हणून न्हाय. वैनी तिकडं जाळीत आन् आमी हिकडं उसात.

तिला फक्त एकदा घरी यायचं हुतं. दिवाळीला न्या म्हणली, मी म्हणालो रस्ता उकरलाय. संक्रांतीला न्या म्हणली, मी म्हणालो तोडणी चालू हाय, घरात बसायला जागा न्हाय. शेवटी दत्ताच म्हणाला, "काका, येत्या रविवारी खुर्चीसकट गाडीत घालून आणतो." म्हणालो, "नको रे बाबा, परसात बिबट्या दिसलाय." दत्ता घाबरला, बेत मोडला. घरी येऊन कमलला सांगितलं. ती भाकरी थापता थापता म्हणाली, "ह्या घरात एकच जनावर हाय. ते आत्ता जेवाय बसलंय."

औंदा वैनीच्या बादलीतल्या वांग्याला एकच फळ धरलं. सूनबाई भाजीत घालाय निघाली तर हात लावू दिला न्हाय. पिवळं पडून लोंबलं तरी तसंच ठेवलं. मी चेष्टा केली, "वैनी, म्हातारं केलं की त्याला." ती म्हणाली, "म्हातारं झाल्याबिगर बी धरत न्हाय, भावजी."

ती जायच्या आधीचा गुरुवार. मी पिशवी दिली. तिनं परातीत मेथी झटकली, खाली पडलेली माती बोटानं गोळा केली आन् उठून वांग्याच्या बादलीत टाकली. मी म्हणालो, "कशाला, घाण ती." ती खाली बघूनच म्हणाली, "मेथी बाजारची हाय. माती आपली हाय."

मला जिन्याखालचा वॉचमनच आठवला पयल्यांदा, म्हटलं त्यानंच चहाडी केली... 

"माझ्या वांग्याला काटा हुता, भावजी. तुमी पयल्या दिवसापासनं गुळगुळीत आणताय."

"मग बोलला का न्हाय?"

"बोलले असते तर गुरुवारी दार कुणी वाजवलं असतं?" मग हिंगाची रिकामी डबी माझ्या हातात दिली. आत राखेत घोळलेलं वांग्याचं बी. "मातीत पाचटाचं तुकडं असत्यात, परसात ऊस लावलाय ते कळतंय मला. ऊस निघाला की टाका. मला बघायला न्या मग." आन् मेथी निवडत म्हणाली, "ह्या बारीची जुडी बरी हाय. ह्या बाईकडंच घेत जा."

मी घरी आलो तो मोडायचंच ठरवून. पण ऊस तोडणीला दोन महिन्यांवर आलेला. म्हणालो, एवढी तोडणी हू दे. पुढच्या गुरुवारी तिला समदं कळलेलं असूनबी मी मंडईत उभा हुतो, आन् फोन आला.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी कोयता घेतला. दोन गुंठ्यांतला ऊस तोडला, बुडकी कुदळीनं खणून बाहेर काढली. तळहात सोलून निघालं. मागच्या दारातनं पार रस्त्यावरची एसटी दिसाय लागली, घरात वारा आला. वाफा केला, डबीतलं बी टाकलं. अकरा रोपं आलीत. बोटभर हुतील, पण पानावर काटा आत्ताच लागतोय.

काल गुरुवार. सकाळी आंघोळ करून मी पिशवी घेतली, रुमालात माती बांधली आन् परसातनं निघालो. मधीच थांबलो... कुठं जायाचं, तेच सुचंना. कमल तांब्या घेऊन पाणी घालायला आली हुती. तिनं पिशवी बघितली, रुमाल बघितला.

म्हणाली, "दोन दिस लागलं तुमाला ऊस काढायला. पाच वरसं जे हुईना म्हणत हुता, ते दोन दिसाचं काम हुतं. आता सरका तिकडं, रोपावर उभं ऱ्हायलाय."