पाच तुकड्यांची तपासणी

नंदकिशोर चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. शंभर नगांतले पाच बघायचे, ते चांगले निघाले की सगळा लॉट पास. वीस वर्षांत त्याचा एकही लॉट परत आला नव्हता.

रावेतच्या घरी काचेच्या टाकीत हौसेने वाढवलेल्या प्रवाळांना कीड लागली. दर गुरुवारी, सुट्टीच्या दिवशी, तो प्रवाळांचे चाळीसही तुकडे औषधाच्या पाण्यात बुडवायचा. किडे गळून पडायचे. अंडी मात्र औषधाने मरत नाहीत, ती खरवडावी लागतात. म्हणून तो पाच तुकडे उलटे करून भिंगाने बघायचा. अंडी नसली की सगळे परत टाकीत.

चौथ्या गुरुवारी किडे पुन्हा हजर.

"अहो, गुरुवारच धरलेत तर उपासही करा," त्याची बायको सुहासिनी म्हणाली.

"औषधच भिकार आहे!" तो चिडला आणि सहा वर्षं नखाएवढ्यापासून वाढवलेलं नारिंगी प्रवाळ त्याने पहिल्यांदाच उलटं केलं. खाली अंड्यांचा पांढरा थर होता. दात घासायच्या ब्रशने त्याने तो खरवडला. थराखाली प्रवाळाचं जिवंत असं काहीच उरलं नव्हतं.

"हे तपासलं नव्हतं?" तिने हळूच विचारलं.

"पाचांत आलं नव्हतं," तो म्हणाला. मग ब्रश धुऊन त्याने उरलेले एकोणचाळीस तुकडे एकेक करून उलटे करायला घेतले.