आखूड शेपटीचा इन्व्हर्टर

माझे भाऊजी विजेच्या मोटरी गुंडाळतात. जळालेल्या मोटरच्या पोटातली काळी पडलेली तांब्याची तार उपसायची आणि नवी तार, मोजून वेढे देत, परत भरायची. पंपाची मोटर असो नाहीतर मिक्सरची, त्यांचा वेग एकच. गिऱ्हाईक दारात उभं राहून घड्याळ बघायला लागलं, की हे चष्मा काढून पुसायला घेतात. सगळे त्यांना कॉइलमास्तर म्हणायचे. मी मात्र त्यांच्या माघारी गोगलगाय म्हणायचो, आणि ते ऐकून सगळ्यात जास्त हसायची ती माझी ताई, म्हणजे त्यांची बायको. या माणसाबरोबर तिने एकतीस वर्षं संसार केला, तोही हसतखेळत. मला तर तीन दिवसांत वेड लागलं असतं.

तिची फुप्फुसं आखडत गेली. सूतगिरणीतली बावीस वर्षं असतील, नाहीतर आणखी काही. डॉक्टर म्हणाले, हे मागे फिरणारं नाही, आता जपायचं. घरात ऑक्सिजनचं मशीन आलं. खोलीतलीच हवा ओढून घ्यायचं, त्यातला ऑक्सिजन वेगळा काढायचं आणि नळीतून तिच्या नाकाशी पोचवायचं. मशीन विजेवर चालायचं, आणि आमच्याकडची वीज एकदा गेली की अख्खा दिवस तोंड दाखवायची नाही. कोपऱ्यात एक सिलिंडर होता, तो तीनेक तास पुरायचा. घरातला नेहमीचा इन्व्हर्टर तासाभरातच मान टाकायचा. बेकरीवाल्याचा जनरेटर आणून पाहिला, तर त्याची वीज इतकी वरखाली व्हायची की मशीन सारखं बोंबलत राहायचं आणि ताई बिचारी त्या आवाजानेच घाबरायची.

तेव्हा भाऊजींनी ठरवलं, जनरेटर स्वतःच बनवायचा. एक जुनं पेट्रोल इंजिन, त्याला त्यांनी स्वतः गुंडाळलेली मोटर जोडायची, आणि तिची ओबडधोबड वीज सरळ करून द्यायला हायब्रिड गाडीचा इन्व्हर्टर बसवायचा. पेट्रोलवर आणि बॅटरीवर अशी दोन्हींवर चालणारी गाडी असते ना, तिच्या बॉनेटखाली ॲल्युमिनियमचा एक जाडजूड डबा असतो, तोच. नवा घेणं आपल्या आवाक्यातलं नव्हतं, म्हणून भंगारातला शोधायचा. इंजिन आणि मोटर आठ दिवसांत तयार झाली. एवढ्या वेगाने काम करताना मी त्यांना जन्मात पाहिलं नव्हतं. उरला फक्त डबा.

माझा टेंपो आहे, त्यामुळे नेणं-आणणं माझ्याकडे आलं. गाड्या तोडायचं यार्ड गावाबाहेर, दीड तासावर. ते एक बाई चालवायच्या. सगळे त्यांना मावशी म्हणायचे, आणि कुठल्या गाडीला कुठे धडक बसली होती ते त्यांना तोंडपाठ होतं. पहिल्या खेपेला भाऊजींनी मला इन्व्हर्टर कसा निवडायचा ते शिकवलं. गाडी मागून ठोकलेली पाहिजे, पुढून नको, कारण डबा पुढे असतो. पुरात बुडालेली तर अजिबात नको. डबा थंड ठेवायला पाणी खेळवतात, त्या नळीत बोट घालून बघायचं, गंज हाताला लागला की पुढे चालू लागायचं. झाकणाचे स्क्रू कोणी फिरवलेले नसावेत. आणि शेवटी शेपटी. डब्यात जो प्लग जातो, त्याच्यामागे लोंबणाऱ्या तारांच्या जुडग्याला ही मंडळी शेपटी म्हणतात. ती निदान वीतभर तरी हवी.

मावशींनी त्या दिवशी जो डबा दाखवला तो इतका चांगला होता, की माझ्यासारख्या अडाण्यालाही कळावं. मागून ठोकलेली गाडी, स्वच्छ नळी, स्क्रूवर कंपनीचा रंग जसाच्या तसा. भाऊजींनी तो मांडीवर घेतला, फिरवून फिरवून पाहिला, आणि परत ठेवला.

"शेपटी आखूड आहे," ते म्हणाले.

खरंच आखूड होती, चार बोटं. कोणीतरी घाईत कापली होती.

"अहो मास्तर, जोड द्या की," मावशी म्हणाल्या. "तारा जोडण्यात तर जन्म गेला तुमचा."

"जोड म्हणजे खोट. तिच्या श्वासाचा प्रश्न आहे, मावशी."

आम्ही हात हलवत परत आलो.

दुसऱ्या खेपेला एका डब्याच्या झाकणाला पोचा होता. तिसऱ्या खेपेला सगळं चांगलं होतं, पण पुराच्या वेळी गाडी कुठे उभी होती ते मावशींना नीट सांगता येईना, म्हणून नको. मी चिडलो. टेंपो माझा, दिवस माझा, आणि घरी माझी बहीण उशांना टेकून बसलेली. ताई मात्र चिडली नाही. "अरे, सवत आणायची म्हणजे चार स्थळं बघणारच," ती म्हणाली. एवढं बोलायला तिला मध्ये दोनदा थांबावं लागलं. शेजारच्या काकू तिच्या सोबतीला बसायच्या, त्यांना ती कौतुकाने सांगायची, "माझ्यासाठी फिरताहेत बघा. या वयात."

एक गोष्ट मला खटकायची, पण तेव्हा मी ती मनावर घेतली नाही. भाऊजी घरी आले की हात धुऊन थेट मशीनकडे जायचे. आकडा बघायचे, नळी चाचपायचे, प्लग दाबून बघायचे. ताई म्हणायची, "अहो, इकडे बघा, मी इथे आहे." ते "हो हो" म्हणायचे आणि मशीनला लावलेली पाण्याची बाटली बदलायला घ्यायचे.

चौथ्या खेपेला मनासारखा डबा मिळाला. शेपटी चांगली हातभर लांब. पण तार कापायची नाही, गाडीतून एकेक पिन सोडवत काढायची, असा त्यांचा हट्ट. त्याआधी खिसे रिकामे. हा त्यांचा जुना नियम. अशा डब्यात गाडी बंद पडल्यावरही झटका साठून राहिलेला असू शकतो, म्हणून अंगठी, घड्याळ, किल्ल्या, फोन, सगळं दूर ठेवायचं. वाकल्यावर खिशातून काही पडलं आणि दोन टोकांमध्ये अडकलं तर माणूस जागेवर जातो. त्यांनी माझाही फोन काढून घेतला आणि दोन्ही फोन टेंपोत ठेवले. मग बल्ब लावून आधी झटका उतरवला, आणि पिना सोडवायला बसले. दोन तास लागले. मी टॉर्च धरून उभा होतो आणि मनातल्या मनात शिव्या घालत होतो.

डबा उचलून टेंपोत ठेवला तेव्हा फोन बघितले. काकूंचे माझ्या फोनवर अकरा कॉल, भाऊजींच्या फोनवर चौदा.

घरी पोचलो तेव्हा ताईच्या नाकातली नळी काढून ठेवलेली होती. काकू तिच्या उशाशी बसून होत्या, तिचा हात अजून त्यांच्या हातात. भाऊजी दारातच थांबले. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो असा, "लाईट गेली होती का?"

"नाही हो," काकू रडत म्हणाल्या. "लाईट होती. मशीनही चालूच होतं. श्वासच पुरेना तिला. सारखी दाराकडे बघत होती."

मला त्या क्षणी या माणसाची कॉलर धरावीशी वाटली. मी धरली नाही, पण वाटलं ते वाटलं.

दिवसकार्य झालं, पाहुणे पांगले. तो डबा माझ्या टेंपोत तसाच पडून होता. रोज मालाबरोबर इकडून तिकडे फिरायचा. एके सकाळी मी तो उचलून भाऊजींच्या दुकानात नेला आणि टेबलावर दाणकन ठेवला.

"हा तुमचा हातभर शेपटीचा," मी म्हणालो. "लावा आता कुठे लावायचा तो."

भाऊजी तार गुंडाळत होते. हात थांबला.

"पहिल्या दिवशीचा चांगला होता रे," ते म्हणाले.

"काय?"

"आखूड शेपटीचा. चांगला होता. दहा मिनिटांत जोड दिला असता मी. केसाएवढी तार जोडतो मी रोज, ती तर दोरीएवढी जाड होती."

मी डबा बाजूला सरकवला.

"तो आणला असता तर चार दिवसांत सगळं जोडून झालं असतं. मग मला काम काय उरलं असतं? तिच्याजवळ बसायचं." त्यांनी चष्मा काढला, पण पुसला नाही. "मला बसवत नव्हतं तिच्याजवळ. ती श्वास घ्यायची आणि मी मोजत बसायचो. मशीन बिघडलं तर उघडता येतं. तिचं काय उघडणार होतो मी? तुझ्या टेंपोत बसलो की जरा बरं वाटायचं. म्हणून खोट काढत राहिलो. दर खेपेला."

मी स्टुलावर बसलो. इतके दिवस शिव्यांची जुळवाजुळव करत होतो, त्यातली एकही आठवेना. समोर एक म्हातारा होत चाललेला माणूस होता, त्याच्या बोटांना वार्निश लागलेलं होतं, आणि माझ्या बहिणीवर याच्याइतकं प्रेम दुसऱ्या कोणी केलेलं नव्हतं, हेही मला माहीत होतं. त्याची मला कीव आली. काहीतरी बरं बोलावं म्हणून मी बोललो.

"ताईला यातलं काही कळलं नाही, भाऊजी. तिला शेवटपर्यंत वाटत होतं, तुम्ही तिच्यासाठीच फिरताय. काकूंना अभिमानाने सांगायची."

दिवसकार्यात ज्या माणसाच्या डोळ्यांतून एक टिपूस आलं नव्हतं, तो हातातली तार टाकून फरशीवर बसला आणि ओक्साबोक्शी रडायला लागला. मी तर त्यांना धीर द्यायला म्हणून ते सांगितलं होतं.